वर्गणीच्या भरवशावर म्हातारपण

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिओरिया शहरात समॅरिटन मिनिस्ट्रीज नावाची ख्रिस्ती संस्था आहे. तिचे सभासद दर महिन्याला एखाद्या अनोळखी कुटुंबाला थेट पैसे पाठवतात. गरज कुणाची, आजार कोणता, हे संस्था कळवते. पैशांसोबत अनेक जण धीराच्या दोन ओळी लिहितात, त्या माणसासाठी प्रार्थना करतात. मध्ये ना विमा कंपनी, ना एजंट. श्रद्धावंतांनी एकमेकांची ओझी वाहावीत, या बायबलमधल्या पौलाच्या शिकवणीवर अशा बऱ्याच संस्था चालतात. आजारपणात परक्याचे असे पत्र आल्यावर केवढा आधार वाटत असेल! मला या माणसांबद्दल मनापासून आदर आहे.

पण ज्येष्ठांच्या पैशांविषयी या सदरात लिहिताना एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. यांतल्या काही संस्थांनी पासष्टीपुढच्यांसाठी वेगळ्या योजना काढल्या आहेत, आणि धोका तिथे आहे.

अमेरिकेत 65 व्या वर्षी सरकारी मेडिकेअर मिळते. 1965 च्या कायद्याने आलेली ही व्यवस्था डॉक्टरांच्या मान्य खर्चातले साधारण 80 टक्के देते. उरलेले 20 टक्के रुग्णाच्या डोक्यावर, आणि त्याला वरची मर्यादाच नाही. केमोथेरपी सुरू झाली की हे 20 टक्के घर धुऊन नेतात. त्यासाठी मेडिगॅप नावाचा पूरक विमा असतो. त्याचा हप्ता जड वाटतो, म्हणून त्याऐवजी चर्चमधल्या ओळखीने वर्गणीची योजना घेतली जाते.

मेडिगॅप घेण्याची खरी संधी एकदाच येते. पासष्टीनंतर मेडिकेअरचा पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, लागू झाला की सहा महिने कंपनी कुणालाही नाकारू शकत नाही, मधुमेह किंवा हृदयविकार आहे म्हणून जास्त पैसेही मागू शकत नाही. ही मुदत टळली की बहुतेक राज्यांत कंपनी तब्येत तपासते आणि सरळ नकार देऊ शकते. म्हणजे बहात्तराव्या वर्षी वर्गणीची योजना बुडाली, तर परतीची वाट बंद. औषधांच्या पार्ट डीचेही तेच. योग्य विम्याशिवाय उशीर केला, तर दंड सहसा कायमचा हप्त्याला चिकटतो.

आणि या योजना बुडतात. 2021 मध्ये शॅरिटी मिनिस्ट्रीज या अशाच एका संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली. हजारो कुटुंबांची बिले तशीच राहिली. सभासदांना कोर्टात फारसे काही मागता येत नाही, कारण हा विमा नाही आणि पैसे मिळण्याची हमी नाही, हे कागदावर आधीच छापलेले असते.

मुलांकडे अमेरिकेत कायमचे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांनीही हे लक्षात ठेवावे. त्यांच्यापैकी बहुतेकांना ग्रीनकार्डावर सलग पाच वर्षे राहिल्यावरच मेडिकेअर विकत घेता येते. तोवरच्या काळात कुणी स्वस्त ‘शेअरिंग’, म्हणजे अशी वर्गणीची योजना, सुचवली, तर जुने आजार त्यात बसतात का, हे आधी लेखी मागावे.

धर्मबंधूंसाठी पैसे द्यायचे असतील तर जरूर द्यावेत, पण मेडिगॅप घेऊन मग. कोलोरॅडोने 2022 च्या कायद्याने या संस्थांना आपली आकडेवारी राज्याकडे देणे भाग पाडले. इतर राज्यांनीही ते करावे, आणि ज्येष्ठांच्या प्रत्येक अर्जाच्या पहिल्याच पानावर त्या सहा महिन्यांच्या मुदतीची सूचना ठळक अक्षरांत छापायला लावावी.