विश्लेषण : चाल मंदावली, तोल जातो… कारण कंपवातच असेल का?

अमेरिकी गायक-पियानोवादक बिली जोएल यांनी मे २०२५ मध्ये सगळे नियोजित कार्यक्रम रद्द केले. त्यांनी सांगितलेले आजाराचे नाव अनेकांनी पहिल्यांदाच ऐकले : नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, अर्थात एनपीएच. त्याची लक्षणे कंपवाताशी (पार्किन्सन्स) इतकी मिळतीजुळती असतात, की निदान सहज चुकू शकते. फरक एवढाच, की एनपीएचवर शस्त्रक्रियेचा उपाय आहे.

मेंदूत नेमके काय बिघडते?

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती सुमारे १५० मिलिलिटर द्रव असतो. दिवसाला साधारण अर्धा लिटर नवा तयार होतो आणि तेवढाच शोषला जातो. हा निचरा बिघडला की मेंदूतील पोकळ्या फुगतात. तरीही मोजलेला दाब बहुधा सामान्यच भरतो, म्हणून हे नाव. चाल बिघडणे, लघवीवरचा ताबा सुटणे आणि विस्मरण ही याची तीन लक्षणे. घरात मात्र हे सगळे ‘वय झाले’ या एका शब्दात संपते.

कंपवातापासून वेगळे कसे ओळखतात?

पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणे, छोटी पावले, वळताना अडखळणे हे दोन्हींत दिसते. एनपीएचमध्ये रुग्ण पाय फाकवून चालतो, हात बऱ्यापैकी हलतात आणि लेव्होडोपाने फारसा फरक पडत नाही. पण हे ठोकताळेच. काहींना दोन्ही आजार असतात. एमआरआयही पुरेसा नाही, कारण वयोमानाने मेंदू आकसला तरी पोकळ्या मोठ्या दिसतात. म्हणून ‘टॅप टेस्ट’ करतात : कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढायचा आणि आधीची व नंतरची चाल मोजायची. घरच्यांनी मोबाइलवर घेतलेले चालण्याचे व्हिडिओ इथे खरोखर उपयोगी पडतात. मात्र चाचणीत फरक दिसला नाही म्हणून एनपीएच नाहीच, असेही म्हणता येत नाही.

शंटने किती फरक पडतो?

शंट म्हणजे मेंदूतील जादा द्रव पोटात सोडणारी बारीक नळी. तिचा व्हॉल्व्ह बाहेरून चुंबकाने कमी-जास्त करता येतो. याच सोयीमुळे एक अवघड प्रयोग शक्य झाला. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९९ रुग्णांना शंट बसवला, निम्म्यांचा व्हॉल्व्ह जवळपास बंद ठेवला. कोणाचा, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. तीन महिन्यांनी सुरू व्हॉल्व्हवाल्यांचा चालण्याचा वेग सेकंदाला ०.२३ मीटरने वाढला, इतरांचा ०.०३. पडण्याचे प्रमाण २४ टक्के विरुद्ध ४६ टक्के होते. स्मरणशक्ती आणि लघवीच्या तक्रारींत मात्र ठळक फरक दिसला नाही. मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव सुरू गटात १२ टक्के रुग्णांत आढळला, दुसऱ्यात २ टक्के.

दोन्ही आजार असलेल्यांचे गणित आणखी किचकट आहे. शंट डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी वाचवत नाही. कंपवाताच्या गोळ्या सुरूच राहतात आणि चालीतली सुधारणा पुढे ओसरूही शकते. तरीही केवळ ‘कंपवात आहे’ म्हणून शंटचा पर्याय परस्पर बाद करणे योग्य नाही. न्यूरोसर्जनला विचारायचा प्रश्न हा, की यातले किती पाण्यामुळे आणि किती कंपवातामुळे?