तुडतुडे कोणते, हे यंत्राला कोण सांगणार?

गेल्या भात हंगामात, नवरात्राच्या सुमारास, कोकणातील एका विस्तार कार्यकर्त्याने माझ्या भ्रमणध्वनीवर एक छायाचित्र पाठविले. एका शेतकऱ्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या सहायकाला मराठीत विचारले होते, ‘तुडतुडे आले आहेत, काय फवारू?’ उत्तर शुद्ध मराठीत होते. मात्रा दिली होती, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, तोंडाला कापड बांधावे, अशी काळजीही वाहिली होती. कीटकनाशक मात्र सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील होते. ते बहुधा आंब्याच्या मोहोरावरील तुडतुड्यांच्या शिफारशीतून आले असावे. शेतकऱ्याच्या खाचरात होते ते भातावरील तपकिरी तुडतुडे. या किडीवर पायरेथ्रॉइड फवारले की कोळी, मिरिड ढेकूण असे तिचे नैसर्गिक शत्रू आधी मरतात आणि काही दिवसांनी कीड पूर्वीपेक्षा जोमाने उसळते. आम्ही कीटकशास्त्रज्ञ याला पुनरुद्भव म्हणतो. शेतकऱ्याला मात्र खाचरात ठिकठिकाणी करपलेली गोल चकंदळे दिसतात. त्या कार्यकर्त्याने फवारणीआधी विचारले, म्हणून एवढ्यावर निभावले.

यंत्र खोटे बोलले, असे मी म्हणणार नाही. त्याने आठवणीतून उत्तर दिले. भाषा मॉडेल जे वाचून शिकते, त्यात गेल्या वीस-तीस वर्षांतील पुस्तिका, घडीपत्रिका, वृत्तपत्रांतील सल्ले सारे असते, आणि त्यातील कोणता सल्ला आज लागू आहे याचा त्याला मुळात पत्ता नसतो. फोरेट, ट्रायझोफॉस आणि डायक्लोरव्हॉस यांच्या वापरावर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. पण त्याआधीच्या भात आणि उसाच्या किती पुस्तिकांत दाणेदार फोरेट सापडेल, हे आपल्यापैकी ज्यांनी त्या पुस्तिका वाटल्या त्यांना ठाऊक आहे. माझ्याही हातून त्या वाटल्या गेल्या आहेत. कागद जीर्ण होतो, रद्दीत जातो. संगणकाच्या स्मृतीत गेलेला मजकूर तसा जात नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा कोणते औषध, कशात मिसळून, कोणाच्या सांगण्यावरून, हे प्रश्न आपण सर्वांनी विचारले होते. आता सांगणाऱ्यांच्या यादीत एकाची भर पडली आहे.

म्हणून यंत्राला आठवणीतून उत्तर देऊ द्यावे की अधिकृत नोंद उघडून पाहायला लावावे, हा माझ्या मते आजचा खरा प्रश्न आहे. दुसरा मार्ग आता तांत्रिकदृष्ट्या सोपा झाला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, संक्षेपाने एमसीपी, हे खुले मानक जाहीर केले. २०२५ च्या पूर्वार्धात ओपनएआय आणि गूगल या तिच्या स्पर्धकांनीही ते स्वीकारले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील एका निधीकडे सोपविण्यात आले. आपल्याला कंपनीशी कर्तव्य नाही. मानक कोणालाही विनामूल्य वापरता येते आणि त्याची कागदपत्रे उघडी आहेत, एवढे पुरे.

मानक म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये. ट्रॅक्टर एका कंपनीचा आणि रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीचा असला तरी जोडणी बसते, कारण पीटीओ शाफ्टचे दाते, त्याचे मिनिटाला ५४० फेरे आणि मागच्या तीन बिंदूंच्या जोडणीची मापे जगभर ठरलेली आहेत. प्रत्येक ट्रॅक्टरसाठी वेगळा रोटाव्हेटर घ्यावा लागला असता तर भाड्याने अवजारे देणारा व्यवसाय उभाच राहिला नसता. माहितीच्या बाबतीत मात्र आपण अजून त्याच अवस्थेत आहोत. समजा पाच सहायक आहेत आणि आठ माहितीसाठे: कीटकनाशकांची नोंदणी, हवामान, बाजारभाव, कीड सर्वेक्षण वगैरे. प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायचे तर चाळीस जोडण्या कराव्या लागतात. सांधा एकच ठरला तर तेराच.

त्याचे काम चालते ते असे. माहितीसाठ्याचा मालक एक छोटा सर्व्हर उभारतो. सहायक त्याला विचारतो, तुझ्याकडे कोणती साधने आहेत? सर्व्हर उत्तर देतो: माझ्याकडे ‘लेबल क्लेम शोध’ नावाचे साधन आहे, त्यासाठी पीक आणि कीड ही दोन नावे द्यावी लागतील, मी नोंदणीकृत कीटकनाशक, मात्रा आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी परत करीन. पीक आणि कीड दिल्याशिवाय हे साधन चालणारच नाही, अशी अट मालकाला घालता येते. कोकणातल्या त्या शेतकऱ्याला तेव्हा औषधाच्या नावाऐवजी प्रतिप्रश्न आला असता: पीक कोणते? हाच प्रश्न आपण कृषी विज्ञान केंद्राच्या दारात शेतकऱ्याला पहिल्यांदा विचारतो.

केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समितीची पीकनिहाय वापराची यादी आज पीडीएफ तक्त्यांच्या रूपात उपलब्ध आहे. माणसाने वाचावी म्हणून ती ठीक आहे. यंत्राने वाचायची तर एक ओळ खाली सरकली की मात्रा बदलते. ही यादी, अद्ययावत झाल्याच्या दिनांकासह, खुल्या मानकाने जोडता येईल अशा स्वरूपात अधिकृतपणे द्यावी, ही माझी पहिली आणि आग्रहाची मागणी आहे. आपण दिली नाही तर दुसरा कोणी तीच यादी खरडून, अर्धवट, स्वतःच्या नावाने देईल, आणि त्याच्या दुकानात कोणते औषध आहे यावर शिफारशींचा क्रम ठरेल.

एक गोष्ट मात्र या उत्साहात विसरली जाते. सांधा जुळला म्हणजे अर्थ जुळला असे होत नाही. मराठीत ‘तुडतुडे’ हा एकच शब्द कपाशीवर अम्रास्का बिगुट्टुला, आंब्यावर इडिओस्कोपसच्या जाती आणि भातावर निलापर्वता ल्युजेन्स यांना लागतो. ‘हिरवे तुडतुडे’ म्हणजे आणखी निराळे. त्यांची आर्थिक नुकसानीची पातळीही वेगवेगळी मोजतात: कपाशीत प्रति पान २ ते ३ तुडतुडे, भातात प्रति चूड ५ ते १०. खोडकिडा भाताचा वेगळा, ज्वारीचा वेगळा, उसाचा वेगळा. उलट, एकाच किडीला आपण जुन्या पुस्तिकांत शेंदरी बोंडअळी म्हटले आणि नव्यांत गुलाबी. लिनियसने १७५८ मध्ये प्राण्यांना दोन शब्दांची नावे दिली, ती याच गोंधळावरचा उपाय म्हणून आजवर टिकली. माझ्या लेखी आमच्या शास्त्रातले सर्वांत जुने खुले मानक तेच. मराठी, हिंदी, पंजाबी, कन्नड नावे त्या शास्त्रीय नावांना पीकनिहाय बांधणारा शब्दकोश हे या कामातले कष्टाचे आणि कोणालाही न दिसणारे अंग आहे. संगणक अभियंता ते करू शकणार नाही. ते आपले काम आहे.

किडींना राज्यांच्या सीमा नसतात, हेही येथे लक्षात घ्यावे लागेल. लष्करी अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याजवळ मक्यावर प्रथम आढळली आणि वर्षभराच्या आत देशातल्या अनेक राज्यांत पोचली. महाराष्ट्रात २००९-१० पासून क्रॉपसॅप चालू आहे. केंद्राची राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली १५ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू झाली. विद्यापीठांच्या आणि आमच्या संस्थांच्या कामगंध सापळ्यांच्या नोंदी आणखी निराळ्या. आमच्याच विभागात दोन प्रक्षेत्रांवरील नोंदवह्यांत एकाने ‘प्रति सापळा प्रति रात्र’ लिहिले आहे, तर दुसऱ्याने आठवड्याची बेरीज. सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी आठ पतंग ही गुलाबी बोंडअळीची पातळी आपण सांगतो. आठवड्याची बेरीज वाचून यंत्राने धोक्याची घंटा वाजवली तर दोष यंत्राचा म्हणता येईल काय?

आमची माहिती परदेशी कंपन्यांना का द्यावी, असा आक्षेप मी बैठकीत ऐकला आहे. तो टाकाऊ नाही. परंतु जोडून देणे आणि सोपविणे यांत फरक आहे: सर्व्हर आपल्या ताब्यात राहतो, कोणी काय विचारले याची नोंद ठेवता येते, दार केव्हाही बंद करता येते. दारातून बाहेर गेलेले उत्तर मात्र परत येत नाही. म्हणून काय बाहेर जाऊ द्यायचे हे आधीच ठरवावे लागते. लेबल क्लेम, हवामान सल्ला, नुकसानीची पातळी ही सार्वजनिक माहिती आहे, ती जितकी पसरेल तितकी बरी. शेतकऱ्याचा गट क्रमांक, कर्ज, त्याच्या शेताची छायाचित्रे ही त्याची स्वतःची. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे. ती या जोडणीत संमतीशिवाय येता कामा नये.

याहून मला अधिक चिंता वाटते ती दुसऱ्या दिशेची. या मानकाने यंत्राला वाचताच येते असे नाही, कृतीही करता येते: मागणी नोंदविणे, निरोप पाठविणे. एखाद्या अनोळखी सर्व्हरच्या वर्णनात किंवा मजकुरात दडविलेली सूचना मॉडेल आज्ञा समजून पाळते, हा प्रकार सुरक्षा-अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिला आहे. त्यामुळे विस्तार कार्यकर्त्यांच्या भ्रमणध्वनीवर निदान पहिली काही वर्षे केवळ वाचणारी साधने असावीत, आणि फवारणीचा संदेश गटावर जाण्यापूर्वी माणसाचे बोट लागावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बोट कोणाचे, हेही ठरवावे लागेल. जबाबदारी वाटून घेतली की ती कोणाचीच उरत नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

मी स्वतःपुरती सुरुवात तुडतुड्यांपासून केली आहे. तक्त्यात पीक, मराठी नाव आणि शास्त्रीय नाव हे तीन रकाने भरून झाले आहेत. चौथा स्थानिक बोलीतील नावांचा आहे आणि तो बव्हंशी रिकामा आहे. आपल्या तालुक्यात या किडींना जे म्हणतात ते, पिकाच्या नावासह आणि जमल्यास किडीच्या छायाचित्रासह, या वार्तापत्राच्या संपादकांकडे पाठवावे. छायाचित्रात पानाची खालची बाजूही दिसू द्यावी.