स्प्रिंग बसवली म्हणून गोळ्या सोडू नका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास बावन्न वर्षांच्या एका शेतकऱ्याला जीपमधून माझ्या दवाखान्यात आणले. छातीत असह्य कळ, अंग घामाने निथळलेले, नाडी जेमतेम हाताला लागत होती. कार्डिओग्राम काढताच मोठा झटका असल्याचे दिसले. अडीच महिन्यांपूर्वीच शहरातल्या एका रुग्णालयात त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवला होता. मी त्यांच्या पत्नीला विचारले, "वहिनी, गोळ्या चालू आहेत ना?"

त्या म्हणाल्या, "दाढ काढायची होती, डॉक्टरसाहेब. तिथं सांगितलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा. दाढ निघाली, मग ह्यांनी त्या परत सुरूच केल्या नाहीत. म्हणाले, स्प्रिंग बसवलीच आहे, आता कशाला गोळ्या?"

हे गृहस्थ वाचले. त्याच रात्री त्यांना शहरात हलवले, स्टेंटमध्ये झालेली रक्ताची गुठळी काढली. पण हृदयाचा मोठा भाग कायमचा दुबळा झाला. आज ते पाठीवर फवारणीचा पंप घेऊ शकत नाहीत. दाढ काढणाऱ्याला दोष देऊन मला मोकळे होता येणार नाही. त्या रात्रीच्या दहा दिवस आधी ते खोकल्यासाठी माझ्याकडेच आले होते. मी छाती तपासली, औषध लिहून दिले, पण "स्टेंटच्या गोळ्या घेता का?" एवढा एक प्रश्न विचारला नाही. ती चुटपुट मनात आहे, म्हणून आज हा विषय.

जाळी परकी, रक्त जागे

आपल्याकडे स्टेंटचे कौतुक फार. किती बसवले, कोणत्या कंपनीचे, किती लाखांचे, हे लोक पाहुण्यारावळ्यांना सांगतात. पण स्टेंट हा अर्धाच उपचार आहे. उरलेला अर्धा उपचार गोळ्यांच्या पाकिटात असतो. हे माझे मत नव्हे, स्टेंटचा इतिहासच तसा आहे.

बंद होत आलेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद करण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ साली झुरिचमध्ये केली. फुगा काढल्यावर वाहिनी पुन्हा मिटू नये म्हणून आत धातूची जाळी ठेवावी, ही पुढची पायरी. १९८६ साली फ्रान्समध्ये डॉ. ज्याक प्युएल व स्वित्झर्लंडमध्ये डॉ. उलरिक सिग्वार्त यांनी माणसाच्या हृदयवाहिनीत अशा जाळ्या बसवल्या.

आनंद फार टिकला नाही. शरीराच्या दृष्टीने ही जाळी परकी वस्तू. रक्तातील प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म कणिका जखम झाली की तेथे चिकटून रक्त थांबवतात. त्या कणिका जाळीलाही चिकटू लागल्या. युरोपातील सुरुवातीच्या १०५ रुग्णांचा अहवाल १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या स्टेंटमधून रक्त वाहणे पूर्ण बंद झाल्याचे आढळले.

उपाय म्हणून डॉक्टरांनी हेपारिन, वॉर्फरिन अशी रक्त न गोठू देणारी जबर औषधे एकत्र द्यायला सुरुवात केली. गुठळी पूर्ण टळली नाहीच, उलट रक्तस्राव वाढले. १९९४ च्या बेनेस्टेंट या मोठ्या अभ्यासात नुसत्या फुग्याच्या रुग्णांपैकी ३.१ टक्के लोकांना रक्तस्राव वा रक्तवाहिनीचा त्रास झाला. स्टेंटच्या रुग्णांत हेच प्रमाण १३.५ टक्के निघाले. रुग्णालयातला मुक्काम तीन दिवसांवरून साडेआठ दिवसांवर गेला. वाहिनी पुन्हा आकसण्याचे प्रमाण स्टेंटमुळे कमी झाले, पण औषधांचा हा बोजा रुग्णाला परवडणारा नव्हता.

मिलानच्या डॉक्टरांनी काय पाहिले

इथे इटलीतील मिलान शहराचे डॉ. अंतोनियो कोलंबो यांचे काम महत्त्वाचे ठरते. रक्तवाहिनीच्या आत सरकवता येणाऱ्या बारीक सोनोग्राफीच्या नळीने त्यांनी बसवलेले स्टेंट आतून पाहिले. नेहमीच्या अँजिओग्राफीत उत्तम दिसणारे पुष्कळ स्टेंट प्रत्यक्षात पुरते उघडलेलेच नव्हते. जाळी आणि भिंत यांच्यामध्ये फट होती. मग त्यांनी फुग्याचा दाब वाढवला, सुमारे १५ वातावरणांपर्यंत. मोटारीच्या चाकातली हवा सुमारे दोन वातावरण दाबाची असते, यावरून कल्पना यावी. जाळी भिंतीला घट्ट बसल्याची खात्री झाली की त्यांनी जबर औषधे बंद ठेवली आणि रुग्णांना फक्त प्लेटलेटना आवर घालणाऱ्या गोळ्या दिल्या. ३५९ रुग्णांवरचा हा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. गुठळ्या अगदी मोजक्या रुग्णांत झाल्या.

त्या काळी हे धाडस होते. पण पाठोपाठ इतरांनीही पडताळा घेतला. म्युनिकमध्ये डॉ. आल्बर्ट श्योमिग यांच्या गटाने १९९६ साली ५१७ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. जुन्या जबर औषधांवर ५.४ टक्के रुग्णांचे स्टेंट बंद पडले. ॲस्पिरिन व टिक्लोपिडिन या दोन गोळ्यांवर केवळ ०.८ टक्के. अमेरिकेत १९९८ साली १,६५३ रुग्णांचा अभ्यास आला. नुसत्या ॲस्पिरिनवर महिनाभरात ३.६ टक्के रुग्णांना गुठळीचा दणका बसला, ॲस्पिरिन व वॉर्फरिनवर २.७ टक्के, आणि ॲस्पिरिन व टिक्लोपिडिनवर अवघा ०.५ टक्के. टिक्लोपिडिनने काहींच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटत, म्हणून पुढे तिची जागा क्लोपिडोग्रेलने घेतली. आज आपल्या खेड्यातल्या माणसाच्या पाकिटात असणाऱ्या दोन गोळ्यांची ही वंशावळ आहे. स्टेंट जगभर पसरला तो या गोळ्यांच्या खांद्यावर बसून.

पुढे औषधाचा लेप दिलेले स्टेंट आले. लेपामुळे वाहिनी पुन्हा आकसणे खूप कमी झाले. पण त्याच लेपामुळे जाळीवर नैसर्गिक अस्तर चढायलाही वेळ लागू लागला. अस्तर चढेपर्यंत धातू उघडा, आणि उघड्या धातूवर गुठळीचे सावट. शेतकरी वाचकांना हे सांगायला नको : कणीस भरले तरी पीक घरात येईपर्यंत राखण करावीच लागते. राखणदार आधीच घरी गेला तर पाखरे वाट पाहत नाहीत.

डॉ. कोलंबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली जर्मनी व इटलीतील लेपाचे स्टेंट बसवलेल्या २,२२९ रुग्णांचा नऊ महिन्यांचा हिशेब मांडला. २९ जणांच्या स्टेंटमध्ये गुठळी झाली. त्यांतले १३ दगावले. आणि गुठळीचे सर्वांत बलवान कारण मधुमेह नव्हते, निकामी मूत्रपिंडही नव्हते. मुदतीआधी गोळ्या थांबवणे हे होते. ज्या माणसाने दहा वर्षांपूर्वी जबर औषधे नकोत, साध्या गोळ्या पुरेत असे दाखवले, त्यानेच आता सांगितले की त्या साध्या गोळ्या मात्र सोडू नका.

गोळ्या किती दिवस?

यावर काही जण म्हणतील, डॉक्टर, गोळ्यांनी रक्तस्रावही होतो ना? होतो. म्हणूनच संशोधन थांबलेले नाही. २०१९ व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत, निवडक रुग्णांत दोनपैकी एक गोळी तीन महिन्यांनी, तर रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्यांत महिन्यानेच थांबवता येते, असे दिसले. सर्वसाधारणपणे झटक्यानंतर दोन्ही गोळ्या वर्षभर, झटका नसताना स्टेंट बसवला असेल तर सहा महिने, आणि त्यानंतर एक गोळी बहुधा आयुष्यभर, असा प्रघात आहे. तुमची मुदत कमी-जास्त असू शकते. पण ती तुमच्या हृदयरोगतज्ज्ञाने ठरवायची. शेजाऱ्याने नाही, औषधाच्या दुकानदाराने नाही आणि तुम्ही स्वतःही नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, ते चांगले झाले. सरकारी योजनांतूनही गरिबाला स्टेंट मिळू लागला. पण रुग्ण घरी येतो तो इंग्रजी कागदांची फाईल घेऊन, आणि घरात ती वाचणारे कोणी नसते. माझे स्पष्ट मत आहे की स्टेंट बसवलेल्या प्रत्येक रुग्णाला मराठीत एक कार्ड मिळालेच पाहिजे. स्टेंट कधी बसवला, गोळ्या कोणत्या, कोणत्या तारखेपर्यंत, आणि थांबवण्याआधी कोणाला फोन करायचा, या चार ओळी पुरेत. ज्या योजनेतून स्टेंट मिळतो, त्याच योजनेतून वर्षभराच्या गोळ्याही मिळाव्यात. हजारोंची जाळी फुकट द्यायची आणि गोळ्यांसाठी माणसाला दर महिन्याला तालुक्याच्या गावी हेलपाटा घालायला लावायचा, हे बी पेरून पाणी न देण्यासारखे आहे. आणि आम्हा गावोगावच्या डॉक्टरांनी, दंतवैद्यांनी, शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी गोळी बंद करण्यापूर्वी एक फोन करावा. दाढ काढण्यासाठी या गोळ्या बहुधा थांबवाव्या लागत नाहीत. जी शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते, ती मुदत संपेपर्यंत ढकलावी.

वाचकहो, घरात कोणाला स्टेंट बसवला असेल तर आजच पुढील गोष्टी पाहा. गोळ्यांचे पाकीट संपण्याच्या आठवडाभर आधी नवे आणा. वारीला, लग्नाला, मुलाकडे जाताना गोळ्या आधी पिशवीत टाका. उपवास असो की रोजा, गोळी चुकवू नका. वेळ कशी बदलावी ते डॉक्टरांना विचारा. एखादी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, पण दोन दिवसांच्या एकदम घेऊ नका. दाढी करताना कापले आणि रक्त थोडे जास्त वाहिले, तर घाबरून गोळी बंद करू नका. मात्र शौचास डांबरासारखे काळे होत असेल, उलटीत रक्त दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका. त्यांनी रक्तस्राव वाढतो. आणि गोळ्या परवडत नसतील तर लाज न बाळगता सांगा. स्वस्त पर्याय असतात.

आता माझ्या दवाखान्यात टेबलावर एक पाटी लावली आहे : 'स्टेंट बसवला असल्यास आधी सांगा.' पाटीला खर्च वीस रुपये आला. ती तीन महिने आधी लावली असती, तर एक माणूस आज आपल्या शेतात फवारणी करत असता.