सुट्टी क्लासला नको, काउंटरला द्या

बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, निकाल मे महिन्यात लागतो आणि कॉलेज खऱ्या अर्थाने सुरू व्हायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. कॅप राउंडच्या रांगेत असाल तर आणखी उशीर. म्हणजे चांगले तीन-चार महिने हातात. या दिवसांत मला एकच प्रश्न सारखा येतो, "मॅडम, सुट्टीत कोणता कोर्स करू?"

माझं उत्तर सरळ आहे. कोर्स नको, काम करा. दुसऱ्याच्या दुकानात, पगारावर, निदान दोन महिने.

ज्यांची सीईटी किंवा नीट बाकी आहे त्यांनी आधी ती उरकावी, त्यात वाद नाही. आणि बीबीए, बीएमएसला जाणाऱ्यांनो, २०२४ पासून महाराष्ट्रात तुम्हालाही सीईटी आहे, फॉर्मची तारीख चुकवू नका. पण परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी काउंटरला उभं राहायला काहीच हरकत नाही.

दुसऱ्याच्याच दुकानात का? कारण वडिलांच्या किंवा मामाच्या दुकानात तुम्ही मालकाचं पोर असता. उशिरा गेलात तरी चालतं, गल्ल्यातून चहाला पैसे काढले तरी कोणी बोलत नाही. तिथे तुम्ही दुकान बघता, शिकत नाही. परक्या मालकाकडे दहा म्हणजे दहा, आणि हिशोबात वीस रुपये कमी आले तर ते सापडेपर्यंत घरी जायचं नाही.

शिवाय हंगाम चांगला असतो. एप्रिल-मेमध्ये आंबा. मे संपत आला की वह्या, दप्तरं, रेनकोट, छत्र्या, कारण आपल्याकडे बहुतेक भागांत शाळा जूनच्या मध्याला उघडतात. एवढी गर्दी, एवढी घासाघीस आणि एवढी उधारी एकाच वेळी बघायला वर्षभरात फक्त दिवाळीत मिळते.

आता छत्रीचंच घ्या. समजा मालकाने २०० रुपयांच्या ५० छत्र्या भरल्या. १०,००० रुपये गेले. विक्री २८० ला. किती छत्र्या विकल्यावर घातलेले पैसे परत येतात? ३६. सदतिसाव्या छत्रीपासून नफा. उरलेल्या १४ छत्र्या हाच त्याचा सगळा नफा, आणि पाऊस लांबला तर तो नफा ऑगस्टमध्येही दुकानात खुंटीला लटकलेला असतो. यात भाडं आणि लाइटबिल मी अजून धरलेलंच नाही. बीबीएला 'वर्किंग कॅपिटल' नावाचा अख्खा धडा आहे. ज्याने त्या लटकलेल्या छत्र्यांची धूळ झटकली आहे त्याला तो पाच मिनिटांत कळतो. बाकीचे व्याख्या पाठ करतात.

किंवा सवलतीचं बघा. ८० ला आणलेली वस्तू २५ टक्के चढवून १०० ला ठेवली. गिऱ्हाइकाला २० टक्के सूट दिली. पोरं म्हणतात, ५ टक्के राहिले. काही राहिले नाहीत! १०० चे २० टक्के गेले की परत ८०. हे फळ्यावर शिकवलं की मुलं माना डोलावतात. काउंटरला संध्याकाळी सातच्या गर्दीत एकदा सूट देऊन बघितली, की जन्मभर विसरत नाहीत.

आणि काही गोष्टी तर फळ्यावर येतच नाहीत. उधारी मागताना मुरलेला दुकानदार चारचौघांत मागत नाही. गिऱ्हाईक एकटं असताना, नवीन माल दाखवता दाखवता हळूच आठवण करतो. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट कोणी पुढे केला तर तो आधी साउंडबॉक्स बोलला का ते बघतो. हे बघूनच शिकायचं.

मी स्वतः ट्रेनर आहे, फी घेऊन शिकवते. तरी सांगते, दहा-दहा हजार भरून 'उद्योजकता सर्टिफिकेट' घेण्याची ही वेळ नाही. आधी दोन महिने दुकानात काढा, मग माझ्याकडे या. तेव्हा तुमचे प्रश्न वेगळे असतील आणि फी वसूल होईल.

घरच्यांचा विरोध होतो, माहिती आहे. "८५ टक्के मिळवलेली पोरगी दुकानात पुड्या बांधणार?" मुलींच्या बाबतीत तर जास्तच. त्यांना दुकानात घेऊन जा, मालकाशी बोलू द्या, दिवसाची वेळ ठरवा. पण फक्त शेजारी काय म्हणतील म्हणून घरी बसवत असतील, तर एवढंच विचारा, उद्या मी दुकान काढलं तर काउंटरला कोण उभं राहणार?

ज्यांना स्वतःचंच काही करायचं आहे त्यांनी आंब्यासारखा माल आधी ऑर्डर आणि अॅडव्हान्स घेऊनच उचलावा. ५०० रुपये डझनाने पाच डझनाची पेटी आणून ६०० ने विकलीत आणि ६० पैकी १० फळं डागाळली, तर नफा शून्य. रिक्षाभाडं खिशातून.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. या महिन्यांत 'स्वतःचा बॉस बना' वाले फोन फार येतात. हॉटेलात सेमिनार, टाय घातलेला दादा, आधी किट घ्या, मग मित्र जोडा. माल विकून नाही, तर माणसं जोडून पैसे मिळणार असतील, तर तो धंदा नाही. अशा साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांतही त्या चालत नाहीत. वाईट म्हणजे यात पैशाबरोबर अकरावी-बारावीचे मित्रही जातात. आणि अठरा पूर्ण नसतील तर तुमच्या सहीचा करार कायद्याने टिकत नाही, तेव्हा गाळा, गाडी, कर्ज, कशावरही सही करू नका.

काम मागायला संध्याकाळी जाऊ नका, तेव्हा मालकाला मान वर करायला वेळ नसतो. दुपारी तीनच्या सुमारास जा. बायोडेटाची फाइल घरीच ठेवा, आधारची झेरॉक्स असू द्या. "दोन महिने येतो, हंगामात माणूस लागेल का?" एवढंच विचारा. पहिला नाही म्हणाला तर शेजारच्या दुकानात. पगार आधी ठरवा आणि आठवड्याच्या आठवड्याला घ्या. छत्रीचा हिशोब भाडं आणि लाइटबिल धरून पुढच्या व्हिडिओत मांडणार आहे, कॅल्क्युलेटर घेऊन बसा.