भूगोल पृथ्वीगोलावरूनच शिकवा

सात खंड, पाच महासागर, विषुववृत्त शून्य अंशावर. एवढं पाठ झालं की धडा संपला, असं आपण धरून चालतो. साताऱ्याच्या माण तालुक्यात मी भूगोल शिकवते आणि माझं ठाम मत आहे की खरा धडा तिथूनच सुरू होतो. कोणता खंड कुठे आहे हे मुलं बरोबर सांगतात. तो तिथे आहे म्हणून काय घडतं, हे त्यांना कुणी विचारतच नाही.

मी मुलांच्या हातात पृथ्वीगोल देते. रत्नागिरीवर बोट ठेवा आणि रेखावृत्ताच्या कडेने वर सरका. राजस्थान, पामीर, कझाकस्तान, सायबेरिया; आर्क्टिकच्या किनाऱ्यापर्यंत जमीनच जमीन. आता रत्नागिरीहून खाली या. लक्षद्वीप, मालदीवसारखी बेटं सोडली तर विषुववृत्त ओलांडून थेट अंटार्क्टिकापर्यंत पाणी.

जगातली सुमारे दोन तृतीयांश जमीन उत्तर गोलार्धात आहे. अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांना आर्क्टिकपर्यंत वाट आहे. हिंदी महासागराची वाट मात्र आशियाने कर्कवृत्ताच्या जरा पुढेच अडवली आहे. आपलं सगळं पीकपाणी या अडवणुकीवर उभं आहे. उन्हाळ्यात ही अफाट जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि तिच्यावरचा हवेचा दाब कमी होतो. दक्षिण हिंदी महासागरावर तेव्हा दाब जास्त असतो. तिकडून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात, पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांना धरून वेग घेतात आणि अरबी समुद्रावरचं बाष्प घेऊन कोकणात उतरतात.

पुढे सह्याद्री आडवा येतो. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि आमच्या दहिवडीला पाचशेच्या आसपास, तो यामुळेच. दुष्काळ हे गावाचं नशीब, असं ऐकत वाढलेल्या मुलांना हे कारण समजणं मला फार मोलाचं वाटतं. नशिबापुढे माणूस हात टेकतो. कारण कळलं तर बांध कुठे घालायचा, पाणी कुठे मुरवायचं, याचा विचार करू लागतो.

शिवाय ही मांडणी कायमची नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून दख्खनचा काळा पाषाण झाला, तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. ती उत्तरेकडे सरकत जाऊन आशियाला धडकली आणि हिमालय उभा राहिला.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर हे नीट दिसत नाही. १५६९ साली मर्केटरने खलाशांसाठी केलेल्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी आहे. विषुववृत्तालगतचे प्रदेश लहान आणि ध्रुवांजवळचे मोठे, ही समजूत लहानपणीच मनात बसते.

म्हणून माझी शाळांकडे मागणी साधी आहे. कपाटातला पृथ्वीगोल बाहेर काढा आणि मुलांना हाताळू द्या. प्रश्नपत्रिकेत ‘नावे लिहा’ कमी करा, ‘कारणे द्या’ वाढवा. आणि हा धडा वर्षअखेरीला ढकलू नका. आपल्या शाळा जूनमध्ये उघडतात, तेव्हा नैऋत्येचे वारे सुरू असतात. पहिल्याच आठवड्यात तो शिकवा.