रोज धुतलेली गाडी लवकर म्हातारी होते



आज स्वयंपाकघरातून बाहेर पडून जरा खाली पार्किंगमध्ये जाऊ या. सकाळी सात वाजता कुठल्याही अपार्टमेंटखाली हेच दिसतं. एका बंगल्यासमोर नळी चालू असते आणि पाण्याचा ओघळ रस्त्यापर्यंत गेलेला असतो. शेजारच्या इमारतीत एक मुलगा एकाच बादलीत एकच फडका बुडवून आठ गाड्या पुसत असतो. तिसऱ्या गाडीनंतर त्या बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि आठव्या गाडीला तेच पाणी लागतं. आपण वरच्या गॅलरीतून बघतो आणि म्हणतो, "झाली बाई गाडी स्वच्छ."

माझं म्हणणं सरळ आहे. ही स्वच्छता नव्हे. रोजच्या या धुण्यापुसण्याने गाडीचा रंग टिकत नाही, उलट झिजतो. आणि पाणी जातं ते वेगळंच. तेही अशा दारातून, जिथे गाळल्याशिवाय प्यायचा घडा भरत नाही.

"वहिनी, गाडी हा पुरुषांचा विषय, तुम्ही कशाला त्यात पडता?" असं मला ऐकवलं जातं. मी म्हणते, हा विषय आपलाच आहे. मुलामा दिलेलं तबक राखेने घासायचं नाही, हे घरात कोणाला ठाऊक असतं? नॉनस्टिक तव्याला तारेची घासणी लावली की पोटात कोणाच्या गोळा येतो? शालू कधी धुवायचा आणि कधी नुसता वाऱ्यावर टाकायचा, हे कोण ठरवतं? पातळ थर कसा सांभाळायचा, याचं शिक्षण आपण चाळीस वर्षं घेतलंय. गाडीचा रंग हाही एक पातळ थरच आहे.

किती पातळ, ते बघा. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक दिसते ती या वरच्या थराची. चारही थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. उन्हापासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. तो झिजला की टपावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे दिसू लागतात, पापुद्रे सुटतात. मग कितीही पॉलिश करा, उपयोग नाही. तो भाग नव्याने रंगवावाच लागतो.

आता धुळीकडे या. आपल्याकडच्या धुळीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात. ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या किंवा नुसत्या ओलसर फडक्याने धूळ पुसली की हेच कण दाबून गाडीवर फिरवले जातात. उन्हात तिरकं बघितलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात ना? त्या बहुतेक याच फडक्याने आलेल्या असतात. धूळ बसल्याने रंग खराब होत नाही, ती घासल्याने होतो. म्हणून धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर ओढणंही वाईटच. वाऱ्याने कव्हर हलतं आणि आतल्या आत धूळ घासते.

मी कॉमर्सची. मला हिशेबाशिवाय पटत नाही. आमच्या अंगणातल्या नळीने १५ लिटरची बादली साधारण मिनिटभरात भरते. म्हणजे दहा मिनिटं नळी सोडली की १५० लिटर. रोज एकदा धरलं, तर वर्षाचे ५४,७५० लिटर. हेच काम दोन बादल्यांत, म्हणजे ३० लिटरमध्ये, आठवड्यातून एकदा केलं तर वर्षाला १,५६० लिटर लागतात.

५४ हजार लिटर म्हणजे किती, हे आपल्या सांगली-मिरजेच्या बायकांना तरी वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि सगळं मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी. म्हणजे एका टाकीत पन्नास हजारांच्या आसपास. जी टाकी सुमारे ३४० किलोमीटर ओढून नेली आणि जिच्यासाठी लोक घागरी घेऊन थांबले होते, तेवढं पाणी आपल्याकडे एक मोटार वर्षभरात गटारात सोडते. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आणली आणि मोडणाऱ्याला ५,००० रुपये दंड लावला. आपल्याला मात्र दंडाची वाट बघायची गरज नाही. आपल्याकडे नियम फार आधीपासून आहे.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक प्रमादचर्या. कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, झाडं तोडणं, हे सगळं त्यात येतं. गाडी वापरू नका, असं मी म्हणत नाही. श्रावकाला संसार आहे, दवाखाना आहे, पाहुणे आहेत. पण गरजेपुरता आरंभ वेगळा आणि शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा आपली चकचकीत दिसावी म्हणून केलेला वेगळा. सामायिकाला बसून जलकायिक जीवांची क्षमा मागायची आणि खाली नळी सोडून ठेवायची, हे मला पटत नाही. तुम्हाला पटतं का?

यावर तीन उत्तरं नेहमी येतात. तिन्ही ऐकून घेऊ.

पहिलं, "गाडी मळकी बरी दिसत नाही." बरी दिसायचीच असेल, तर आठवड्यातून एकदा नीट धुतलेली गाडी पाच वर्षांनीही चकाकते. रोज पुसलेली तोवर भुरकट झालेली असते. मधल्या दिवसांत काचा आणि आरसे वेगळ्या ओल्या फडक्याने जरूर पुसा, तो सुरक्षिततेचा भाग आहे. बाकी धूळ दिसली तर दिसू द्या.

दुसरं, "मग त्या मुलाच्या पोटावर पाय द्यायचा का?" मुळीच नाही. पगार तेवढाच ठेवा आणि काम बदला. रोजच्या फडक्याऐवजी आठवड्यातून एकदा व्यवस्थित धुणं, बादल्या आणि कपडे आपल्या घरचे. थंडीत पहाटे पाच वाजता बर्फासारख्या पाण्यात रोज हात घालण्यातून त्याचीही सुटका होईल. पैसे कापून बचत करणारी बाई काटकसरी नसते, ती कंजूष असते.

तिसरं उत्तर महागडं आहे. "आम्ही सिरॅमिक कोटिंग केलंय, आता चिंता नाही." कोटिंग वाईट आहे असं नाही. सिलिकाचा तो थर पाणी धरू देत नाही, मळ लवकर सुटतो, उन्हापासून थोडं संरक्षण मिळतं. पण तो थरही जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. विकणारा '९एच' म्हणून सांगतो, ती पेन्सिलीच्या कठीणपणाची मोजपट्टी आहे, हिऱ्या-माणकांची नव्हे. दगड उडाला तर टवका जाणारच आणि धुळीचा फडका फिरवला तर रेघ उठणारच. शिवाय कोटिंगच्या आधी मशीनने पॉलिश करतात, म्हणजे क्लिअर कोटचा वरचा पापुद्रा घासून काढतात. पॉलिश आणि मेण यांतला हा फरक लक्षात ठेवा. पॉलिश म्हणजे मुद्दलातून काढलेली रक्कम. रेघा जातात, कारण रेघांभोवतीचा थर खाली आणला जातो. मेण म्हणजे वरून ठेवलेली ठेव. दर दिवाळीला पॉलिश करून घेणारा माणूस दर दिवाळीला मुद्दल मोडतो. मेणाला मुद्दलाला हात लावावा लागत नाही.

आता घरी करायचं कसं, ते सांगते. यात अवघड काही नाही.

गाडी सावलीत लावा आणि पत्रा थंड होऊ द्या. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो आणि डाग धरतो. जागा आधी बघून घ्या. मुंग्यांची रांग असेल तर गाडी दोन हात पुढे घ्या. पाणी गाळून घ्या. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ येतं तेव्हा गाळण्यावर राहिलेली रेती बघा, म्हणजे कळेल की गाळण्याने जीवही वाचतो आणि रंगही.

दोन बादल्या घ्या. एकीत गाड्यांसाठी मिळणारा सौम्य शाम्पू, दुसरीत साधं पाणी. आधी तांब्याने वरून साधं पाणी सोडून सुटी धूळ वाहू द्या. मग मायक्रोफायबरचा कपडा शाम्पूत बुडवून टपापासून खाली या. हात सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नको, आणि दाब अजिबात नको. प्रत्येक भाग झाला की कपडा आधी साध्या पाण्यात पिळा, मगच पुन्हा शाम्पूत. चाकं सगळ्यात शेवटी आणि त्यांचा कपडा वेगळा. शेवटी तांब्याने धुऊन घ्या आणि जाड, मऊ मायक्रोफायबरने टिपून कोरडं करा. हे टिपणं चुकवू नका. बोअरचं जड पाणी तसंच वाळलं तर क्षारांचे पांढरे ठिपके पडतात आणि नंतर ते निघता निघत नाहीत.

भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर गाडीला लावू नका. त्या तेलकटपणा काढायला बनवलेल्या असतात, मेणाचा थरही काढून टाकतात. रॉकेलचा हात फिरवला की गाडी दिवसभर चमकते आणि मग दुप्पट धूळ धरते. टूथपेस्टने ओरखडा जातो असं मोबाईलवर दाखवतात. टूथपेस्ट घासणारीच असते, तेव्हा ओरखड्याबरोबर आजूबाजूची चमकही जाते.

पक्ष्याची शिट मात्र आठवड्यावर टाकू नका. तिच्यातलं आम्ल उन्हात क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडतं. ओला कपडा तिच्यावर पाच-दहा मिनिटं नुसता ठेवा आणि मऊ झाली की उचलून घ्या. रात्रीच्या प्रवासात पुढच्या भागावर चिकटलेल्या किड्यांचंही तसंच, खरवडायचं नाही. आणि किडे चिकटले म्हणून वाईट वाटत असेल, तर रात्रीचे टाळता येण्यासारखे प्रवास टाळणं हा त्यावरचा खरा उपाय.

मेण दर तीन महिन्यांनी पुरतं. गाडी धुऊन वाळवा, अगदी पातळ हात द्या, एका वेळी एकच भाग घ्या, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर स्वच्छ कपड्याने पुसून काढा. पाणी शिंपडल्यावर थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर मेण शाबूत आहे. पाणी पसरलं तर पुन्हा लावायची वेळ झाली.

इथे एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. बिस्किटाच्या पुड्यावर जिलेटिन आणि अंडं शोधणाऱ्या आपण पॉलिशचा डबा कधी वाचतो का? कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांचं असतं, ते चालेल. पण काही मेणांत मधमाश्यांचं मेणही मिसळतात. 'शॅमॉय' म्हणून मिळणारा पुसण्याचा कपडा अस्सल असेल तर ते चक्क मेंढीचं किंवा बकरीचं कातडं असतं. काही ब्रशांना डुकराचे किंवा घोड्याचे केस असतात. हिरवा ठिपका इथे मदतीला येणार नाही, तो खाद्यपदार्थांच्या पाकिटांसाठी आहे. म्हणून विचारून घ्या. कार्नोबाचं किंवा कृत्रिम पॉलिमरचं सीलंट, मायक्रोफायबरचे कपडे आणि नायलॉनचा ब्रश मागा. दुकानदार हसला तर हसू द्या. आपण मध खात नाही आणि गाडीला मधमाशीचं मेण चोळतो, यापेक्षा ते हसणं बरं.

मायक्रोफायबरचे कपडे सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, त्यांना धागे चिकटतात. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. खाली पडलेला कपडा गाडीवर परत लावू नका, तो धुऊनच घ्या.

येत्या चातुर्मासात अनेकजणी छोटे छोटे नियम घेतील. त्यात एक नियम हाही घ्या: गाडी आठवड्यातून एकदाच, दोन बादल्यांत, नळी न लावता. घरातल्या पुरुषांनाही द्या. ते कुरकुरतील तेव्हा त्यांना ५४,७५० आणि १,५६० हे दोन आकडे कागदावर लिहून दाखवा. आणि ज्या सोसायट्यांमध्ये आपल्यापैकी कोणी कमिटीवर आहे, तिथे पार्किंगमधली नळी काढून टाकण्याचा ठराव पुढच्याच बैठकीत मांडा. विरोध होईल. तरी मांडा.