समुद्रात डोकावण्यापूर्वी

गेली काही वर्षे आमच्या सातारा-सांगलीकडील कुटुंबे नाताळच्या सुट्टीत मोठ्या संख्येने मालवणास जाऊ लागली आहेत. पूर्वी मालवणास गेलेला मनुष्य सिंधुदुर्ग किल्ला पाहून व माशांचे जेवण जेवून परत येई. आता तो समुद्राच्या पोटात काय आहे तेही पाहून येतो. डोळ्यांवर व नाकावर काचेचा मुखवटा चढवावयाचा, दातांत श्वासाची नळी धरावयाची आणि पाण्यावर पालथे तरंगत खालचे जग न्याहाळावयाचे, असा हा खेळ. त्यास स्नॉर्केलिंग म्हणतात. मुंबईहून लक्षद्वीपाकडे जाणाऱ्या प्रवासी जहाजांतील उतारूंसही बेटावरील मुक्कामात हीच मौज करावयास मिळते. सुट्टी संपली की वर्गात चार दिवस याचीच चर्चा चालते, आणि "गुरुजी, हा नाद मुलांस लागू द्यावा काय?" असे पालक मला विचारतात. माझे मत असे की, नाद उत्तम आहे. परंतु त्याला लागणारी तयारी आपण करीत नाही, हे मात्र वाईट आहे.

उत्तम अशासाठी की, पुस्तकातील पुष्कळ गोष्टी येथे देहाला कळतात. उघड्या डोळ्याने पाण्यात धूसर दिसते. पण डोळ्यापुढे हवेचा पडदा येताच दृष्टी स्पष्ट होते, आणि प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे मासा खरोखरीपेक्षा जवळ व सुमारे एक तृतीयांशाने मोठा भासतो. नळी वीतभरच का, अशी शंका येईल. ती दोन हात लांब केली, तर उच्छ्वासाचीच दूषित हवा फिरून छातीत जाईल. शिवाय त्या खोलीवर पाण्याचा दाब इतका असतो की छाती फुलविणेच कठीण व्हावे. हे फळ्यावर शिकविण्यास मला एक तासिका लागते. समुद्र ते एका श्वासात शिकवितो.

आता तयारीविषयी. आम्ही कृष्णाकाठची माणसे. माहुलीच्या संगमावर अथवा सांगलीच्या घाटावर पाठीला भोपळा किंवा डबा बांधून आपण पोहणे शिकलो, विहिरीत मुटके मारले, म्हणून पाण्याचे भय आपणांस उरलेले नाही. परंतु नदीची विद्या समुद्रात पुरी पडत नाही. खारे पाणी मनुष्यास अधिक सहज तरंगविते, हे खरे. तथापि तेथे लाट आहे, ओहोटी आहे, आणि किनाऱ्यावरून आत ओढणारा प्रवाह आहे. एप्रिल २०१७ मध्ये मालवणनजीक वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आठ जण बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा अंत झाला. ज्या घरांतून ही माणसे सहलीस निघाली असतील, तेथेही "लवकर या" असेच कोणी म्हटले असेल.

दुसरी तयारी मनाची, आणि येथे मला स्वतःचीच चूक सांगितली पाहिजे. प्रवाळ हा प्राणी आहे, हे वाक्य मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. तरी मालवणास प्रथमच पाण्यात उतरलो असता नळीत पाणी शिरले, मी घाबरलो, पाय खाली सोडले, आणि जो खडक लागला त्यावर उभा राहिलो. होडीवरचा तरुण नावाडी ओरडला, "सर, पाय वर घेवा, ता जिता आसा!" ते जिवंत आहे! वीस वर्षे शिकविलेला धडा त्या दिवशी मी शिकलो.

प्रवाळाचे असंख्य इवले जीव चुन्याची घरे बांधीत असतात. गोलसर दगडासारखे प्रवाळ वर्षास सुमारे एक सेंटिमीटर अथवा त्याहूनही कमी वाढतात. म्हणजे माझ्या एका पावलाने किती वर्षांचे काम मोडले असेल, त्याचा हिशेब मुलांनीच करावा. त्यांच्या देहात राहणारे सूक्ष्म शैवाल त्यांस अन्न पुरविते; समुद्र काही आठवडे नेहमीहून एखाद्या अंशाने अधिक तापला, तर ते शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. लक्षद्वीपात १९९८, २०१० व २०१६ या साली असे मोठ्या प्रमाणावर घडले. त्या उष्णतेवर आपला एकट्याचा इलाज चालत नाही. आपल्या पायावर मात्र चालतो.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. प्रवाळांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. असे असूनही छायाचित्रात मासे गोळा व्हावेत म्हणून कोणी पाण्यात पाव कुसकरतो, कोणी आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा खिशात घालतो. आपल्या शेतातील उभ्या पिकात पाहुण्याने गाडी घातली, तर आपण काय म्हणू?

म्हणून माझी सूचना अशी. ज्या मुलास तलावात दहा मिनिटे हातपाय न झाडता उताणे तरंगता येते, आणि नळीत शिरलेले पाणी न घाबरता फुंकून टाकता येते, त्यासच समुद्रात उतरू द्यावे. तेही अंगात तरंगते जाकीट घालून आणि जाणत्या नावाड्याच्या नजरेखाली. शाळेने सहलीची वर्गणी जमविण्यापूर्वी ही परीक्षा घ्यावी. पालकहो, यात मुलांचा हिरमोड होईल असे समजू नका. ज्याला स्थिर तरंगता येते, तोच खाली पाय टाकत नाही. तेव्हा एकाच विद्येने मूलही वाचते आणि प्रवाळही वाचतो. फोंडाघाट उतरण्यापूर्वी ती शिकावयास आपली कृष्णामाई आणि गावची विहीर घराजवळच आहे.